इशाऱ्याचा दिवा आणि मोजणारा काटा

जुन्या मोटारीत इंजिनाची हालहवाल चालकाला दोन प्रकारे कळते. एक म्हणजे लाल दिवा. तो एरवी विझलेला असतो आणि बिघाड झाला की पेटतो. दुसरा काट्याचा मीटर. बिघाड असो वा नसो, तो सतत काहीतरी दाखवत राहतो. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणाऱ्यांपैकी अनेक जण पहिल्याच्या जागी दुसरा बसवून घेतात. काम गॅरेजमधले असले तरी त्याखाली एक जुना प्रश्न आहे, आणि धर्मविचाराने तो मोटारीच्या कित्येक शतके आधी हाताळला आहे. माणसाला आपली चूक कळायला प्रसंगी मिळणारा इशारा पुरतो, की रोजचे मोजमाप लागते?

सोलापूरचा मोटार आणि धर्मविचार या दोन्ही गोष्टींशी संबंध आहे. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात स्थायिक झालेल्या एका गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात पुढे फियाट ११०० तयार होऊ लागली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली गेली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर आणि डॅशबोर्डवर तेलाच्या दाबासाठी व चार्जिंगसाठी दिवे, ही तिची ओळख. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती. त्याच दोशी घराण्यातल्या हिराचंद नेमचंदांनी, म्हणजे वालचंदांच्या वडिलांनी, १८८० च्या दशकात सोलापुरातून ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक सुरू केले. पुढे जीवराज जैन ग्रंथमालेने प्राकृत-संस्कृत जैन ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या याच शहरातून काढल्या. यतिवृषभाचा ‘तिलोयपण्णत्ती’ हा मालेतला पहिला ग्रंथ, आणि तो तिन्ही लोकांच्या लांबी-रुंदीच्या हिशेबांनी गच्च भरलेला आहे. मोजण्याची हौस या परंपरेत मुरलेली आहे, ती अशी.

दिवा कसा चालतो ते आधी पाहू. इंजिनाच्या ब्लॉकवर बोटभर लांबीचा एक प्रेशर स्विच आट्यात बसवलेला असतो. आत पातळ पडदा आणि मागे स्प्रिंग. चावी फिरवली की तेलाला दाब नसल्याने स्प्रिंग संपर्क जोडून ठेवते, अर्थिंग मिळते आणि दिवा लागतो. इंजिन सुरू झाले की तेल पडद्याला ढकलते, संपर्क तुटतो आणि दिवा विझतो. हा संपर्क साधारण ०.३ ते ०.५ बार इतक्या थोड्या दाबालाच तुटतो. रस्त्यावर वेगाने चालणाऱ्या निरोगी इंजिनात दाब तीन-चार बार असतो. म्हणजे चारावरून एकापर्यंत दाब घसरला तरी दिवा काही बोलत नाही. तो पेटतो तेव्हा बेअरिंगवरचा तेलाचा थर जवळपास गेलेला असतो. झिजलेले इंजिन तापल्यावर सिग्नलला उभे असताना दिवा फडफडतो, तेवढीच काय ती पूर्वसूचना.

अशा दिव्यांचा वापर १९३० च्या दशकात अमेरिकेच्या हडसन कंपनीने सुरू केला. पैसे वाचायचे हे खरेच, पण सामान्य चालक काटे वाचत नाही आणि वाचले तरी त्यांचा अर्थ त्याला लागत नाही, हा अनुभवही त्यामागे होता. जाणकारांनी पुढे त्यांना ‘मूर्खांचे दिवे’ म्हणायला सुरुवात केली. काटा शहाण्यांसाठी आणि दिवा बावळटांसाठी, ही समजूत तेव्हापासून रुजली. ती पुरती उलटी असू शकते, हे पुढे दिसेल.

विझलेला दिवा नेमके काय सांगतो, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे. भारतीय दर्शनांत यावर मोठा वाद झाला. जमिनीवर घडा नाही हे ज्ञान कशाने होते? सातव्या शतकातला मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो, ते प्रत्यक्षाने होत नाही, कारण नसलेल्या वस्तूशी डोळ्याचा संबंध कसा येणार? म्हणून त्याने ‘अनुपलब्धी’ हे वेगळे, सहावे प्रमाण मानले. अद्वैत वेदान्ताने ते स्वीकारले. नैयायिकांना ते मान्य नाही. अभावही इंद्रियांनीच कळतो, न दिसणे ही त्यातली केवळ साहाय्यक गोष्ट, असे त्यांचे म्हणणे. पण एका अटीवर दोघांचे जुळते. न दिसणे ‘योग्य’ हवे, म्हणजे वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही यावरून घडा नाही असे ठरत नाही.

बल्ब उडालेला दिवा म्हणजे ही अंधारी खोली. तो विझलेला आहे एवढ्यावरून इंजिन ठीक आहे असे म्हणता येत नाही. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी सगळे दिवे एकदा लागतात, ते याचसाठी. त्या क्षणी दिवा लागला तरच नंतरच्या त्याच्या विझण्याला प्रमाणाची किंमत येते. कुमारिलाची अट मोटारीच्या वायरिंगमध्ये अशी बसवलेली आहे आणि बहुतेक चालक त्या दोन सेकंदांत आरसा नीट करत असतात. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात २८ मार्च १९७९ रोजी याच चुकीचे भयंकर रूप दिसले. नियंत्रण कक्षातला दिवा विझलेला पाहून एक झडप बंद झाली असे कर्मचाऱ्यांनी धरले. प्रत्यक्षात दिव्याला झडपेची स्थिती ठाऊकच नव्हती. झडप बंद करण्याचा विद्युत आदेश गेला, एवढेच तो दाखवत होता. झडप उघडीच राहिली आणि अणुभट्टीचे थंड करणारे पाणी निसटत राहिले.

नीतिविचारात या दिव्याला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात. मनात एक देवता बसलेली असते, ती एरवी गप्प असते आणि वाईट पाऊल पडू लागले की टोचते, असे मानणाऱ्या पंथाचा लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त स्वतंत्र समाचार घेतला आहे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ. त्याच्या सहाव्या प्रकरणात ‘आधिदैवतपक्षा’ची तपासणी आहे. टिळकांचा निष्कर्ष असा की बरे-वाईट ठरवणारी अशी वेगळी देवता नाही. निर्णय करणारी व्यवसायात्मक बुद्धी एकच, आणि ती सात्त्विक, राजस, तामस अशी माणसागणिक वेगळी असते. म्हणून आतून काही टोचले नाही ही गोष्ट निर्दोषपणाचा पुरावा होऊ शकत नाही. आधी बुद्धी शुद्ध करावी लागते. स्विचच्या भाषेत सांगायचे तर स्प्रिंग मऊ पडली की दिवा पेटण्याची पातळी खाली सरकते आणि चालकाला ते कळायला मार्ग नसतो. टिळकांचा आक्षेप दिव्यावर नाही, त्याला अचूक मानण्यावर आहे. टोचणी थांबली म्हणजे दोष गेला असे नव्हे, टोचणारे बोटही बोथट झालेले असू शकते.

मग काटा बसवावा काय? या प्रश्नाला जैन आचारग्रंथांनी दिलेले उत्तर सर्वांत नेमके आहे. घडलेल्या दोषांकडे वळून पाहणे, त्यांची कबुली देणे आणि त्यांतून परतणे, याला प्रतिक्रमण म्हणतात. ते साधूच्या सहा आवश्यक कर्तव्यांपैकी एक आहे. दिगंबर परंपरेतल्या वट्टकेराच्या ‘मूलाचारा’त याबद्दल एक विलक्षण भेद नोंदवलेला आहे. पहिले तीर्थंकर ऋषभदेव आणि शेवटचे महावीर यांच्या शासनात प्रतिक्रमण नित्य सांगितले आहे. दोष घडला असो वा नसो, ते ठरल्या वेळी करायचेच. मधल्या बावीस तीर्थंकरांच्या शिष्यांनी मात्र दोष घडेल तेव्हाच करायचे. श्वेतांबर आवश्यक-साहित्यातही हाच भेद येतो. एकाच धर्मात दोन पद्धती, एक दिव्याची आणि एक काट्याची.

भेदाचे कारण माणसांच्या प्रकृतीत आहे. मधल्या काळातले शिष्य सरळ आणि समजदार होते. चूक झाली की त्यांना ती तिथल्या तिथे जाणवायची. पहिल्या तीर्थंकरांचे शिष्य सरळ होते पण मंद. शेवटच्यांचे वाकडे आणि मंद. ‘उत्तराध्ययन’ सूत्रातल्या केशी-गौतम संवादात याच वर्गीकरणाने मधल्या बावीसांतले पार्श्वनाथ आणि शेवटचे महावीर यांच्या आचारनियमांतला फरक उलगडला आहे. म्हणजे इशारा पुरतो तो जागरूकाला. ज्याला इशारा मिळूनही उमगत नाही, किंवा उमगला तरी जो सबब काढतो, त्याला वेळापत्रक लागते. महावीरांच्या शासनात जगणारे आपण सगळे दुसऱ्या वर्गात मोडतो, हे ग्रंथकारांनी फारशी भीड न ठेवता सांगून टाकले आहे.

मोटारीच्या जगातली प्रतिष्ठेची उतरंड इथे उलटते. दिवा हाच खरा शहाण्यासाठी आहे. तो पेटताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करणारा चालक असेल तर त्याला काट्याची गरज फार थोडी. समर्थ रामदासांबद्दल सांगतात ती कथा अशाच माणसाची आहे. बोहल्यावर ‘सावधान’ हा शब्द कानी पडला आणि बारा वर्षांचा नारायण तिथून निघून गेला. तो शब्द प्रत्येक लग्नात, प्रत्येक वराच्या कानी पडतो. दिवा सगळ्यांसाठी पेटतो, थांबणारा हजारात एखादा. उरलेल्यांना ‘पेटलाय खरा, पण टेंभुर्णीपर्यंत जाईल’ असे वाटते, आणि तिथवर पोचण्याआधीच इंजिन सीज होते.

काट्याचे बळ श्रेणी दाखवण्यात आहे, आणि जैन कर्मविचार श्रेणींवाचून बोलतच नाही. कर्माचा बंध तिथे चार अंगांनी मोजतात: प्रकृती म्हणजे प्रकार, स्थिती म्हणजे मुदत, अनुभाग म्हणजे तीव्रता आणि प्रदेश म्हणजे प्रमाण. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांनाही प्रत्येकी चार पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवरचा राग पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा, त्यावरचा वाळूतल्या, मग जमिनीतल्या आणि शेवटचा दगडावरच्या रेघेसारखा. श्वेतांबर कर्मग्रंथांनी त्यांना मुदतीही लावल्या आहेत: पंधरवडा, चार महिने, वर्ष आणि आयुष्यभर. प्रतिक्रमणाचे टप्पेही रोजच्या दोन वेळांखेरीज पाक्षिक, चातुर्मासिक आणि सांवत्सरिक असेच आहेत. मुदतींचा हा मेळ लक्षात घेण्यासारखा आहे. ज्याच्या मनातला राग संवत्सरीचे प्रतिक्रमण ओलांडूनही टिकला, त्याचा काटा शेवटच्या पट्ट्यात गेला असे समजायला हरकत नाही. ‘राग आला का’ या प्रश्नाचे उत्तर दिवा हो किंवा नाही असे देईल. ‘किती दिवस टिकला’ हे विचारायला काटाच लागतो.

तरी काटा म्हणजे सत्य नव्हे. सोलापूरच्या चाळिशी ओलांडणाऱ्या मे महिन्यात तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर बसला तर ते दुखणे असेलच असे नाही. तेलाचा दाब थंड इंजिनात जास्त दिसतो, तापल्यावर आणि इंजिन संथ चालताना कमी. एकच आकडा एका स्थितीत ठीक आणि दुसऱ्या स्थितीत धोक्याचा. जैनांच्या स्याद्वादाची शिकवण हीच आहे: प्रत्येक विधान कोणत्यातरी अपेक्षेने खरे असते आणि ती अपेक्षा सोडून केलेले विधान दुर्नय ठरते. त्याहून घातक प्रकार रेडिएटरचा पाइप फुटल्यावर घडतो. पाणी वाहून गेले की तापमान जोखून काट्याला कळवणारा सेंडर कोरडा पडतो, त्याला इंजिनाची उष्णता नीट पोचत नाही आणि इंजिन भाजत असताना काटा खाली येतो. मोजमाप कुठे लावले आहे हे विसरून मोजमापावर विश्वास ठेवला की असे होते. नव्या गाड्यांत तर तापमानाचा काटा मुद्दाम सुस्त केलेला असतो. बऱ्याच मोठ्या टप्प्यात तो मध्यावर स्थिर राहतो आणि धोका अगदी जवळ आला की एकदम चढतो. दिसायला काटा, वागायला दिवा.

मोजण्यावरचा सर्वांत मूलगामी आक्षेपही सोलापूरच्याच मातीतला आहे. बाराव्या शतकात, गावाचे नाव सोन्नलगी असताना, सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला आणि परंपरेनुसार अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. मकरसंक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज आजही या अडुसष्ट लिंगांच्या भेटीला निघतात. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथातली कथा सांगते की वीरशैव संत अल्लमप्रभू सोन्नलगीला आले तेव्हा तलावाचे काम चालू होते. त्यांनी सिद्धरामांना दगडमाती उपसणाऱ्या वड्डराच्या नावाने हाक मारली. बाहेर इतके बांधून आत काय उभे राहिले, हा त्या हाकेतला प्रश्न. लिंगे मोजता येतात, तलावाची खोली मोजता येते, पण मोजता येते तेवढेच साधले असे माणसाला वाटू लागते. सिद्धराम पुढे अल्लमांबरोबर कल्याणला गेले, चेन्नबसवण्णांकडून त्यांनी इष्टलिंगाची दीक्षा घेतली. तलाव मात्र बुजवला नाही, हेही ध्यानात घ्यायला हवे. अल्लमांचा आक्षेप मोजदादीने कामाची जागा घेण्यावर आहे, कामावर नाही. प्रतिक्रमणाचे पाठ रोज बिनचूक म्हणून शेजाऱ्याशी वीस वर्षे अबोला धरणारा माणूस त्याच आक्षेपाखाली येतो. त्याच्याकडे काटा आहे, रोज पाहिलाही जातो, पण तो इंजिनाला जोडलेलाच नाही.

काटा ‘जोडलेला’ असणे ही मोटारीतही किचकट बाब आहे. मीटर आणि सेंडर एका जातीचे लागतात. युरोपीय पद्धतीचा तेलदाबाचा सेंडर शून्य दाबाला सुमारे १० ओहम आणि पूर्ण दाबाला १८० ओहम रोध दाखवतो, अमेरिकन पद्धतीचा शून्याला २४० आणि पूर्णाला ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला जोडला तर काटा उलट्या दिशेने खोटे बोलतो, दाब गेला की वर चढतो. सेंडरला अर्थिंग बहुधा आट्यांतूनच मिळते. गळती होऊ नये म्हणून मिस्त्रीने आट्यांवर टेफ्लॉन टेप भरभरून गुंडाळली तर तेच अर्थिंग तुटते किंवा कच्चे होते आणि काटा कमी-जास्त दाखवू लागतो. शिवाय सेंडर हा स्विचपेक्षा चांगलाच जड असतो. तो ब्लॉकवर थेट लोंबता ठेवला तर कंपनाने जोड तडकण्याचा धोका असतो, म्हणून छोट्या होजपाइपने तो बाजूच्या पत्र्यावर घट्ट बसवणे बरे.

यानंतर निर्णय उरतो दिव्याचे काय करायचे याचा. काटा बसला की दिवा काढून टाकण्याकडे हौशी मालकांचा कल असतो, डॅशबोर्ड नीटनेटका दिसतो म्हणून. ते चूक आहे. काटा चालकाच्या नजरेची वाट पाहतो, आणि चालकाची नजर रस्त्यावर असते, तिथेच असायला हवी. दर मिनिटाला काटा पाहणारा माणूस काट्याचाच होऊन बसतो. धर्मजीवनात याला संशयग्रस्तता म्हणतात, आणि तीही साधनेतला अडथळाच मानली गेली आहे. काट्यासाठी वेळा ठरवाव्यात: गाडी सुरू केल्यावर, इंजिन तापल्यावर एकदा, लांबचा चढ संपल्यावर, प्रवासाअखेर संथ चालीवर. दोन-तीन महिने हे आकडे वहीत टिपले की त्या गाडीचा स्वतःचा स्वभाव कळतो आणि कंपनीने रंगवलेल्या लाल पट्ट्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. मधल्या वेळेची राखण दिव्याकडे. ब्लॉकवर टी-जोड लावून एका तोंडाला जुना स्विच आणि दुसऱ्याला सेंडर बसवला की दोन्ही राहतात. नित्य प्रतिक्रमण सांगणाऱ्या महावीरांच्या शासनातही दोष घडल्यावर ताबडतोब गुरूपुढे करायची आलोचना रद्द झालेली नाही.

चार्जिंगच्या दिव्याबाबत तर पर्यायच उरत नाही. जुन्या गाडीचा डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला असेल तर तो दिवा केवळ साक्षीदार नसतो. त्याच्यातून जाणारा थोडासा प्रवाह अल्टरनेटरच्या रोटरला पहिले चुंबकत्व देतो. त्याच्या जागी व्होल्टमीटर लावून दिवा काढून टाकला, तर योग्य रोधाचा रेझिस्टर घातल्याशिवाय अल्टरनेटर बऱ्याचदा जागा होत नाही. गाडी सुरू होते, चालते, आणि बॅटरी मात्र भरत नाही.